संपादकांची दाढ

गावात त्यांना संपादक म्हणत. त्यांचं वर्तमानपत्र नव्हतं. होता तो एक फळा, दोन हात रुंद, त्यांच्या ओट्याच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेला. मुंबईहून येणाऱ्या पहिल्या एस.टी.तून वर्तमानपत्रांचा गठ्ठा उतरला की तासाभरात त्या फळ्यावर वर एक बातमी आणि खाली त्यांचं मत लिहिलेलं असे. बातमी कितीही मोठी असो, मत तीन ओळींचं. चौथी ओळ होतेय असं दिसलं की सगळं पुसून पुन्हा लिहीत. "चौथ्या ओळीला मत संपतं आणि भाषण सुरू होतं," असं त्यांचं म्हणणं.

मुंबईच्या एका छापखान्यात तीस वर्षं त्यांनी मुद्रितं तपासली होती. दुसऱ्यांच्या वाक्यांतल्या वेलांट्या आणि उकार सरळ करता करता निवृत्त झाले, आणि पनवेलच्या घरी येऊन जगाचीच मुद्रितं तपासायला बसले. हातात लाल पेन्सिल. वर्तमानपत्रात 'प्रचंड', 'अभूतपूर्व', 'तीव्र' असले शब्द आले की त्यावर काट मारत. काट मारताना तोंडाने "च्" असा आवाज करत. वर माझ्या खोलीत बसून मी त्या आवाजांवरून ओळखायचो की आज एखाद्या पुढाऱ्याचं भाषण छापून आलंय.

मी त्यांचा भाडेकरू होतो. हायस्कुलात इतिहास आणि मराठी शिकवायला म्हणून देशावरून पनवेलला आलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. खोली बघायला गेलो, तर त्यांनी जात विचारली नाही, पगार विचारला नाही. पेन्सिल कानावर ठेवून म्हणाले, "मास्तर, शेर-पायली जाऊन किलो येणार म्हणतात. तुमचं काय मत?"

मी गांगरलो. म्हणालो, "मला त्यात काही मत नाही."

"छान," ते म्हणाले. "एका घरात मतवाला एकच असावा. सामान कधी आणताय?"

त्या किलोवरचं त्यांचं मत पुढे गावभर झालं. 'शेर गेला, किलो आला. वाण्याचा अंगठा तोच आहे.' दुसऱ्या दिवशी बाजारातला एक वाणी तणतणत ओट्याखाली येऊन उभा राहिला. "हा अंगठा माझा काय?"

काकांनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. मी त्यांना काका म्हणत असे. "तुमचा आहे का?"

वाण्याला हो म्हणता येईना आणि नाही म्हणावं तर आलो कशाला, हे सांगता येईना. दोन मिनिटं उभा राहून तो गेला. काका त्यानंतर दिवसभर खुशीत होते. जेवतानाही हसत होते. "बघा मास्तर," मला म्हणाले, "फळ्यावरचं मत कुणाला चावत नाही. ज्याचं त्याला कळतं, एवढंच."

यावर त्यांचा खरोखर विश्वास होता. खडूने लिहिलेलं खडूच्या जागीच राहतं, असं ते धरून चालत. रशियाने आकाशात कुत्रं पाठवलं तेव्हा त्यांनी लिहिलं होतं म्हणे, 'आमच्या आळीतली नऊ कुत्री अजून आळीतच आहेत. रशियाने विचार करावा.' निवडणूक आली तेव्हा लिहिलं, 'पनवेलचा डास चावण्याआधी कानाशी येऊन सांगतो. उमेदवार तेवढंही करत नाही.' गणपतीत कर्णा लागला की, 'देवाला ऐकू येत नाही म्हणून तो मुका बसलेला नाही.' लोक वाचत, हसत, पुढे जात. कामोठ्याहून, बेलपाड्याहून बाजाराला आलेली मिठागरांवरची माणसंही ओट्याशी थांबून कुणाकडून तरी वाचून घेत. संपादकांना काही वाटलं तर ते लिहिणार आणि आपल्याला वाटलं तर आपण हसणार, असा तो सरळ व्यवहार होता.

काका कोकणातले यहुदी. जुनी माणसं त्यांच्या लोकांना शनवार तेली म्हणत, कारण पूर्वी त्यांचे घाणे शनिवारी बंद असत. बोलणं, चालणं, जेवणातली आमसुलं, सगळं आपल्यासारखंच. दाराच्या चौकटीला धर्मवचनं असलेली एक लहानशी नळी ठोकलेली होती. येता-जाता तिला बोटं लावून ते ओठांशी नेत. शुक्रवारी सूर्य कलला की काकू तेलाचे दिवे लावीत, आणि तिथून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत काका पेन्सिल हातात धरत नसत. लिहायचं नाही. लिहिलेलं पुसायचंही नाही. म्हणून शनिवारचं मत ते शुक्रवारीच, दिव्यांच्या आधी लिहून ठेवीत, आणि एकदा दिवे लागले की ते मत पूर्ण एक दिवस तसंच राही.

त्यांचा मुलगा इस्रायलला गेलेला. तो पत्रातून सारखा लिही, तुम्ही दोघं इकडे या. काका पत्र वाचून घडी घालत. एकदा मी विचारलं, का जात नाही? म्हणाले, "तिथं सगळे आपलेच. मग मी मतं लिहू कुणाविरुद्ध?" काकू आतून म्हणाल्या, "खरं सांगा की. तिथली भाषा येत नाही ह्यांना. शुद्धलेखन चुकेल म्हणून भितात."

मग चीनशी लढाई सुरू झाली.

त्या दिवसांतलं पनवेल मला अजून आठवतं. दिवाळी येऊन गेली, पण कुणी ती धड केली नाही. हॉटेलातल्या रेडिओपुढे माणसं उभी असत. चहा मागवत नसत, आणि मालकही त्यांना हटकत नसे. बायका संरक्षण निधीत बांगड्या देत होत्या. आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत शिक्षिका लोकरीचे मोजे विणत. रोज एकेक ठाणं पडल्याची बातमी येई, आणि ज्या गावांची नावं आयुष्यात ऐकली नव्हती ती आमच्या तोंडात बसली. मी वर्गात नकाशा लावून ती दाखवत असे. दाखवताना माझं बोट दरवेळी थोडं खाली सरकलेलं असे.

काकांचा तोल तेव्हा पहिल्यांदा ढळला. वर्तमानपत्रात ते काट मारीनासे झाले. 'प्रचंड' तसाच राहू देत, 'भीषण' तसाच राहू देत. फळ्यावरची मतं कडू होत गेली. एक दिवस मुत्सद्द्यांवर, एक दिवस सेनापतींवर, एक दिवस ज्यांनी 'भाई भाई' म्हणून मिठ्या मारल्या त्यांच्यावर. ओट्यापुढे गर्दी वाढली. पूर्वी लोक वाचून हसत, आता वाचून मुठी आवळत. काकांना ते आवडत होतं, असं मला आज लिहावं लागतं. गर्दी वाढली की ते मुद्दाम दोनदा बाहेर येऊन फळ्याचा खिळा नीट करत.

पनवेलच्या बाजारात तेव्हा एक चिनी दातांचा डॉक्टर होता. जन्म कलकत्त्याचा, दुसऱ्या महायुद्धानंतर बायकोला घेऊन मुंबईला आणि तिथून इकडे आलेला. दुकानावर दातांची एक कवळी रंगवलेली पाटी. मागे एका खोलीत संसार. आगरी, कोळी, मिठागरवाले हेच त्याचे रोगी, त्यामुळे मराठी तो त्यांच्याकडूनच शिकला होता. त्याच्या तोंडून "आ करा, दुखनार नाय" ऐकताना नवख्या माणसाला हसू येई. लढाई सुरू झाल्यापासून त्याला पोलिसांत हजेरी लावावी लागत होती. तो मान खाली घालून कचेरीत जाई आणि तसाच परत येई. दुकान मात्र उघडं ठेवी. दुखणाऱ्या दाताला लढाईचं काय!

त्या शुक्रवारी बातम्या फार वाईट होत्या. पाचच्या सुमाराला मी शाळेतून आलो तेव्हा काका रस्त्यात उभे राहून, डोकं तिरकं करून आपलंच अक्षर लांबून न्याहाळत होते. फळ्यावर होतं:

'हिमालयात चिनी आपले दात पाडतो आहे.
पनवेलात आपण त्याच्यापुढे
रांग लावून पाडून घेतो.'

मी मोठ्याने हसलो. "काका, हे जमलं!"

"जमलंय ना?" ते म्हणाले. "तिसऱ्या ओळीसाठी तासभर गेला."

काकू उंबऱ्यात आल्या. त्यांना वाचायला वेळ लागे. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "हे बरं नाही केलंत. त्याची बायको माझ्याकडे लोणचं शिकायला येते."

"मत चीनवर आहे. तिच्यावर नाही."

"वाचणाऱ्याला ते कसं कळायचं?"

काकांचा हात फळ्याच्या फडक्याकडे गेलेला मी बघितला. मग म्हणाले, "वाक्य चांगलं आहे गं." काकूंनी एकदा आकाशाकडे बघितलं आणि आत जाऊन दिवे लावले.

पुढचं माझं. शनिवारी सकाळची शाळा. शिक्षकांच्या खोलीत मी ते वाक्य सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, काकांसारखं चष्म्यावरून बघत, तिसऱ्या ओळीआधी थांबून, अभिनय करून सांगितलं. सगळे हसले. ड्रिलचे सर हसले नाहीत. त्यांचा धाकटा भाऊ सैन्यात होता आणि तीन आठवडे त्याचं पत्र नव्हतं. ते म्हणाले, "पुन्हा म्हणा." मी पुन्हा म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि खिशातल्या कागदावर लिहून घेतलं. शाळा सुटल्यावर बाजारात निषेधाची सभा होती, तिथे ते बोलणार होते.

अकरा वाजता मी घरी आलो तेव्हा फळ्याशी पाच-सहा जण उभे होते. मला बघून बाजूला झाले. काकांच्या त्या सुबक तीन ओळींखाली विटेच्या तुकड्याने, वाकड्या मोठ्या अक्षरांत, चौथी ओळ लिहिलेली होती:

'आता त्याचे पाडा.'

बाजाराकडून घोषणा ऐकू येत होत्या. काकू दारात येऊन माझ्याकडे बघत होत्या. त्यांना ती ओळ वाचून दाखवायचा मला धीर झाला नाही. मी नुसतं म्हणालो, "काका कधी येतात?"

काका शनिवारच्या प्रार्थनेहून आले ते पांढराशुभ्र कोट आणि काळी टोपी घालून. चौकटीला बोटं लावायला हात उचलला आणि त्यांना फळा दिसला. हात तसाच राहिला. त्यांनी चौथी ओळ वाचली, मग वरच्या तीन वाचल्या, मग पुन्हा चौथी. चूक शोधताना वाचत असतील तसं, अक्षर अन् अक्षर.

"मी पुसतो," मी म्हणालो. "मला काही शनिवार नाही."

"चौथी पुसा," ते म्हणाले. "वरच्या माझ्या आहेत."

मी फडक्याने चौथी ओळ पुसली. काकांनी फडकं घेतलं नाही. तळहाताने, वरून खाली, एकेक ओळ पुसली. शुभ्र बाही खडूने आणि विटेच्या भुकटीने माखली. काकूंनी तोंडाला पदर लावला. तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात शनिवारी त्यांनी खडूला हात लावलेला काकूंनी पाहिला नव्हता.

फळा कोरा झाला तरी काका तिथेच. हलक्या आवाजात म्हणाले, "पुसून काय झालं? वाचून गेलेत सगळे."

बाजाराकडून काच फुटल्याचा आवाज आला.

"मास्तर, चपला घाला," काका म्हणाले.

"अहो, तुम्ही कशाला जाता?" काकू ओट्यावरून उतरल्याच. "आपण किती घरं इथं? उद्या हेच आपल्या दारात येतील."

"आपल्या दारात आजवर कधी कुणी आलं नाही," काका म्हणाले. "त्याच्या दारात मी पाठवलेत."

बाजार पाच मिनिटांवर. मला तो रस्ता फार लांब वाटला. काका भरभर चालत होते आणि मी अर्धं पाऊल मागे होतो. सांगून टाकावं असं सारखं वाटत होतं की ते वाक्य सभेत नेलं ते मी. पण मी नुसता चालत राहिलो.

दुकानापुढे साठ-सत्तर माणसं होती. पाटीवरच्या कवळीवर चिखल. वरच्या झडपेची काच फुटलेली. दुकानाच्या फळ्या लावलेल्या आणि आत काही हालचाल नाही. एक हवालदार काठी आडवी धरून पायरीवर उभा होता. त्याचा चेहरा घामाने निथळत होता. ड्रिलचे सर समोर होते. ते माझं वाक्य म्हणत होते. माझं म्हणजे काकांचं. पण थांबायची जागा माझी होती. "पनवेलात आपण त्याच्यापुढे..." ते म्हणत आणि थांबत, आणि गर्दी पुढचं ओरडून पूर्ण करी.

काका गर्दीत शिरले. "बाजूला व्हा. दाढ दुखतेय."

कुणीतरी हसलं. "संपादक, तुमचंच वाक्य म्हणतोय आम्ही!"

"वाक्य माझंच आहे," काका म्हणाले. "दाढही माझीच आहे. सरका."

ड्रिलच्या सरांनी त्यांचा दंड धरला. "काका, आज नको. घरी जा. तुम्हाला लागेल." त्या आवाजात धमकी नव्हती. मला तेव्हा कळलं की सर स्वतःच घाबरलेत. साठ माणसं आपल्या शब्दावर इथवर आली, आता त्यांचं काय करायचं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. काकांनी त्यांच्या हातावर हात ठेवला, थोपटला, आणि तो बाजूला केला. मग पायरी चढून फळीवर बोटाने ठोकलं.

"डॉक्टर. पेशंट आहे."

आतून बऱ्याच वेळाने आवाज आला. "आज बंद हाय."

"दुखतंय हो."

"कोन?"

काकांनी नाव सांगितलं. पूर्ण, बापाच्या आणि गावाच्या नावासकट, मोठ्याने. गर्दीतला एकजण ओरडला, "उघड रे, उघड!" आणि मागून एक दगड येऊन फळीवर, काकांच्या डोक्यापासून हातभर अंतरावर आदळला. काका हलले नाहीत. मी हललो. मी खाली वाकलो होतो, हे मला नंतर लक्षात आलं.

एक फळी सरकली. मग दुसरी. डॉक्टर दारात आला. पांढरा कोट घातलेला होता. आत अंधारात फळ्या लावून बसलेला माणूस कोट घालून बसला होता. मागे त्याची बायको भिंतीला टेकून उभी.

"खुर्ची उजेडात घ्या," काका म्हणाले. "आत मला दिसायचं नाही."

"तुम्हाला कशाला दिसायला पायजे?" डॉक्टर म्हणाला.

"ह्यांना दिसू दे."

मी आणि डॉक्टरने ती जड खुर्ची ओढत दाराशी आणली. काकांनी टोपी काढून माझ्या हातात दिली आणि ते गर्दीकडे तोंड करून बसले. डॉक्टरने स्पिरिटचा दिवा पेटवला, भांड्यात पाणी ठेवलं, अवजारं त्यात सोडली. काडी पेटवताना तीनदा विझली.

"काका," तो हळूच म्हणाला, "हात हलतो माजा."

"हलू दे. मला घाई नाही."

आणि मग आम्ही थांबलो. पाणी उकळायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ साठ-सत्तर माणसं, एक हवालदार, मी, सगळे त्या भांड्याकडे बघत थांबलो. दोघातिघांनी घोषणा द्यायचा प्रयत्न केला. पण खुर्चीत बसलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावर घोषणा देणं कठीण असतं, आणि हा म्हातारा तर त्यांच्याकडे एकेकाला ओळखत, मान हलवत बघत होता. वाण्याला त्याने मान हलवली. कापडवाल्याला हलवली. ज्याला हलवली तो जरा मागे सरकला.

"आ करा," डॉक्टर म्हणाला.

मी मागून काकांचं डोकं धरलं होतं, म्हणून मला ऐकू आलं. डॉक्टरने आरसा फिरवला, एक दाढ ठोकली, दुसरी ठोकली. मग काकांच्या कानाशी वाकला. "सगले चांगले हाईत. किडका एक पन नाय."

काकांनी बोटाने उजवीकडची मागची दाढ दाखवली.

"ही चांगली हाय, काका. कशाला काडू?"

"काढा."

"नाय काडत."

काकांनी त्याचं मनगट धरलं. "डॉक्टर, तुम्ही ती काढली नाहीत तर हे लोक समजतील की माझं काही दुखत नव्हतं. काढा."

डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. माझे दोन्ही हात काकांच्या कपाळावर होते आणि त्यांच्या कानशिलाची शीर माझ्या बोटाखाली उडत होती. डॉक्टरने सुई दिली. मग चिमटा उचलला. त्याचा हात आता हलत नव्हता.

चांगली दाढ सहज येत नाही. ते किती वेळ चाललं होतं कुणास ठाऊक. काकांनी खुर्चीचे हात धरले होते आणि त्यांच्या घशातून एक आवाज येत होता. पुढच्या रांगेतला एकजण "पुरे, पुरे" म्हणत तोंड फिरवून निघून गेला. शेवटी डॉक्टरने चिमटा वर केला. मुळांसकट दाढ, पांढरी, धडधाकट. पहिल्या रांगेला ती दिसली असणारच.

तेवढ्यात रस्त्याच्या पलीकडून डोक्यावर टोपली घेतलेली एक आगरीण गर्दी बाजूला सारत पायरीशी आली. गाल सुजलेला. तिने काकांच्या रक्ताळलेल्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि डॉक्टरला म्हणाली, "यांचा जाला काय? माजी दाड सकालधरना ठनकते. मी मिरवनूक सरायची वाट बगत व्हते."

कुणीतरी खुदकन हसलं. हसणं मोठं नव्हतं, पण त्याने गर्दी सैल झाली. हवालदाराने काठी खाली केली. मागची माणसं पांगू लागली, मग मधली. ड्रिलचे सर शेवटी गेले. जाताना त्यांनी पायरीवरचा दगड उचलला, जरा वेळ हातात धरला आणि गटारात टाकला.

घरी येताना काका माझ्या खांद्यावर हात ठेवून चालले. तोंडात कापूस, बोलता येत नव्हतं. रस्त्यातच मी सांगून टाकलं. शाळेत मी सांगितलं, अभिनय करून सांगितलं, ड्रिलच्या सरांनी माझ्याकडून लिहून घेतलं. ते चालत राहिले. खांद्यावरचा हात काढला नाही, की दाबलाही नाही. घरी जाऊन आडवे झाले. काकूंनी कपाळावर ओलं फडकं ठेवलं आणि मग स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घेतलं.

सोमवारी सूज उतरली. मी शाळेला निघालो तर त्यांनी हाक मारली.

"मास्तर, वाक्य चांगलं होतं म्हणून तुम्ही सांगितलंत. चांगलं नसतं तर कुणी सांगितलं असतं?" बोलताना अजून त्रास होत होता. "मला तेच छळतंय. तीस वर्षं चुका शोधल्या. ह्यात एकही चूक नव्हती."

मला तेव्हा वाटलं, हे त्यांचं मला माफ करणं आहे. आता वाटतं, त्यांना माझ्याबद्दल काही म्हणायचंच नव्हतं.

फळा अकरा दिवस कोरा राहिला. लढाई थांबल्याची बातमी आली त्या दिवशीही कोराच होता. लोक येऊन बघून जात. एकाने खडूचा डबा आणून दिला. बाराव्या दिवशी त्यांनी लिहिलं ते नगरपालिकेच्या कंदिलांबद्दल.

डॉक्टर पनवेलात राहिला नाही. थंडी पडली तेव्हा त्याला मुंबईत जाऊन, पोलिसांनी सांगितलेल्या भागात राहायचा हुकूम आला. का, ते कुणी सांगितलं नाही. त्याने दुकान आवरलं. ज्या सकाळी तो निघाला त्या सकाळी एस.टी. स्टँडवर आम्ही तिघं होतो आणि तोच हवालदार. दोन ट्रंका, एक वळकटी, अवजारांची कातडी पिशवी. काकूंनी त्याच्या बायकोला लोणच्याची बरणी दिली आणि दोघी एकमेकींचे हात धरून उभ्या राहिल्या. काकांना काही बोलायचं होतं. दोनदा त्यांनी सुरुवात केली; दोन्ही वेळा वाक्य मध्येच सोडलं.

कंडक्टरने घंटी दिली. डॉक्टर पायरीवर चढला आणि वळला. पिशवी बायकोच्या हातात देऊन तो पुन्हा खाली उतरला.

"आ करा," तो म्हणाला.

काकांनी टोपी मागे सारली आणि भर स्टँडवर, तिकिटाच्या रांगेपुढे, तोंड उघडलं. डॉक्टरने त्यांची हनुवटी धरून उजेडाकडे वळवली, अंगठ्याने ओठ बाजूला केला आणि वाकून आत बघितलं. कंडक्टर ओरडला. डॉक्टरने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. नीट, सावकाश बघितलं.

"घाव बरा भरलाय," तो म्हणाला. "त्या बाजूनं चावू नका अजून."

मग तो गाडीत चढला.